वाजवणाऱ्याच्या कानाचा प्रश्न

गेल्या वर्षी आपल्या पक्षाचा एक मोर्चा जिल्हाधिकारी कचेरीवर गेला. मोर्च्याच्या अग्रभागी, आपल्या नेहमीच्या प्रथेप्रमाणे, हलगी आणि ताशे वाजत होते. कचेरीच्या दाराशी भाषणे सुरू झाली तशी वादक मंडळी जवळच्या पारावर विसावली. त्यांच्यातील एका पंचेचाळिशीच्या ताशेवाल्याला मी सहज विचारले, "कुठल्या गावचे आपण?" त्याने माझ्याकडे पाहून नुसती मान डोलावली. मी पुन्हा विचारले. तेव्हा शेजारी बसलेला त्याचा मुलगा म्हणाला, "काका, समोर येऊन बोला. अण्णांना ओठ दिसल्याबिगर कळत नाही." हे केव्हापासून, असे विचारता तो म्हणाला, "वाजवायला लागल्यापासनं थोडं थोडं. आमच्यात समद्यांचंच होतं तसं."

त्या मुलाच्या शेवटच्या वाक्याने मी अस्वस्थ झालो. जे सर्वांचेच होते ते नशिबाचे मानण्याची आपल्या समाजाची जुनी खोड आहे. गिरणीतल्या साचेवाल्याला ऐकू कमी येते हेही एके काळी असेच नशिबाचे मानले जाई. पुढे ते व्यवसायजन्य दुखणे आहे हे कायद्याने मान्य केले आणि त्याच्या भरपाईची तरतूद झाली. ताशेवाल्याच्या बाबतीत मात्र अजून ती पहिली पायरीसुद्धा चढली गेलेली नाही.

वास्तविक ढोल-ताशांच्या आवाजावर महाराष्ट्रात चर्चा कमी झालेली नाही. दर वर्षी भाद्रपद जवळ आला की ती नव्याने पेट घेते. एका बाजूला झोपमोड झालेला नागरिक, रुग्णाईत वृद्ध, परीक्षेला बसणारा विद्यार्थी. दुसऱ्या बाजूला परंपरेचा अभिमान आणि तरुणांचा उत्साह. ध्वनिप्रदूषण नियंत्रणाचे नियम केंद्र सरकारने २००० साली केले. त्यांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा ठरली. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली याच विषयावर विस्तृत निकाल दिला. २०२४च्या ऑगस्टअखेरीस राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने पुण्यातील ढोल-ताशा पथकांत ३०हून अधिक जण नसावेत असा आदेश काढला, आणि पुढच्याच पंधरवड्यात, १२ सप्टेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने त्यातील संख्येच्या बंधनाला स्थगिती दिली. वर्तमानपत्रांत दोन्ही बाजूंनी रकानेच्या रकाने भरले गेले. परंतु या सर्व नियमांत, निकालांत आणि अग्रलेखांत एक माणूस कोठेच आढळत नाही. तो म्हणजे स्वतः वाजवणारा. ऐकणारा आवाजापासून शंभर पावलांवर असतो, खिडकी लावू शकतो, गाव सोडून जाऊ शकतो. वाजवणारा मात्र आवाजाच्या गाभ्यात उभा असतो आणि त्याच्या कानापासून ताशाचे अंतर हातभरच असते. ज्याच्यावर सर्वांत मोठा आघात होतो त्याचाच विचार सर्वांत शेवटी, किंबहुना मुळीच नाही, हा योगायोग मानता येत नाही.

आधी या आघाताचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. अंतर्कर्णात शंखाच्या आकाराची एक नळी असते व तिच्यात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केशपेशी असतात. ध्वनीच्या लहरीचे मज्जातंतूंच्या संदेशात रूपांतर करण्याचे काम या पेशी करतात. अतिरिक्त आवाजाने त्या थकतात. मिरवणुकीनंतर रात्रभर कानात गुंजन होते, दडे बसल्यासारखे वाटते, ते याच थकव्याचे लक्षण होय. एक-दोन दिवसांत हे ओसरते, म्हणून तरुण वादक त्याकडे दुर्लक्ष करतो. परंतु हाच आघात वारंवार झाला की पेशी मरतात, आणि माणसाच्या कानात मेलेली केशपेशी पुन्हा उगवत नाही. यावर औषध नाही आणि शस्त्रक्रियाही नाही. श्रवणयंत्राने आवाज मोठा करता येतो, पण गेलेला स्पष्टपणा त्याने पुरता परत येत नाही.

हे बहिरेपण एकदम येत नाही, म्हणून ते अधिक फसवे असते. प्रथम चार हजार कंपनांच्या आसपासचे उच्च स्वर जातात. बोलणे ऐकू येते पण शब्द कळत नाहीत. स, श, थ, फ ही मृदू व्यंजने गळून पडतात. माणूस म्हणतो, "लोक हल्ली पुटपुटतात." घरची माणसे म्हणतात, "यांचे लक्षच नसते." त्याच्या जोडीला कानातील कायमचे गुंजन येते, ज्याने रात्रीची झोप जाते. ज्याचे पोट कानावर चालते अशा कलावंताच्या बाबतीत ही हानी दुहेरी आहे. त्याचे आरोग्य जाते, आणि त्याचे हत्यारही बोथट होते.

डेसिबलचे गणित सामान्य बेरजेचे नसते आणि येथेच बहुतेकांची गफलत होते. तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून सुरक्षित वेळ निम्मा होतो. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य विषयक राष्ट्रीय संस्थेने १९९८ साली केलेल्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलला आठ तास, ८८ला चार, ९१ला दोन, ९४ला एक तास, ९७ला अर्धा तास आणि १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे हा दिवसाचा शिधा आहे. १०३ डेसिबलला तो साडेसात मिनिटांवर येतो. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर विसर्जनाच्या दिवशी अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी अनेक वर्षे चौकाचौकांत आवाज मोजत आले आहेत. तेथील सरासरी नव्वदीच्या आणि शंभरीच्या घरात गेलेली आहे. ही झाली रस्त्याच्या कडेची मोजणी. ताफ्याच्या मध्यभागी उभ्या असलेल्या वादकाचा पंधरा मिनिटांचा शिधा पहिला चौक ओलांडण्यापूर्वीच संपतो आणि त्यानंतर त्याला कित्येक तास वाजवायचे असते. शिवाय पथकांचा सराव उत्सवाच्या आधी सुमारे दोन महिने रोज संध्याकाळी चालतो. तेव्हा ही केवळ दहा दिवसांची हौस आहे असे म्हणून सुटका होत नाही.

हे ज्ञान नवीन आहे असेही कोणी म्हणू नये. कामगारांच्या व्याधींवर पहिला व्यवस्थित ग्रंथ लिहिणारा इटालियन वैद्य रामाझ्झिनी याने अठराव्या शतकाच्या आरंभीच तांबटांविषयी नोंदवून ठेवले आहे की, दिवसभर तांबे ठोकून त्यांचे कान निकामी होतात आणि म्हातारपणी ते ठार बहिरे होतात. पुण्याच्या तांबट आळीतून जाणाऱ्या कोणालाही त्या नोंदीचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. ताशाचे भांडे तांब्या-पितळेचेच असते. फरक एवढाच की तांबटाच्या कामात आवाज हा भांड्याबरोबर फुकट येतो, आणि ताशेवाल्याच्या कामात आवाज हाच माल आहे.

आता या आवाजात उभा असणारा माणूस कोण, हे पाहिले पाहिजे. ढोल वाजवणाऱ्यांचे आज दोन वर्ग आहेत. शहरांतील पथकांत महाविद्यालयीन मुले-मुली, नोकरदार तरुण हौसेने वाजवतात. त्यांना मोबदला नसतो, घरी दुसरे उत्पन्न असते, आणि दहा-पंधरा वर्षांनी ती वाजवणे सोडून देतात. दुसरा वर्ग पिढीजात वादकांचा. हलगी आणि डफडे वाजवणारे मातंग, सनई-डफावर पोट भरणारे होलार, कोकणातील घडशी, संबळ वाजवणारे गोंधळी, आणि लग्नसराईत बँडच्या ताफ्यात उभे राहणारे असंख्य भूमिहीन. यांना वाजवणे सोडता येत नाही. गणपती झाले की नवरात्र, मग लग्नसराई, मग गावोगावच्या जत्रा, आणि मधूनमधून निवडणुका. वाद्य जातीने दिले, सुपारी गरजेने घेतली आणि बहिरेपण त्यापाठोपाठ आले. उत्सवाचा मान मात्र वाजवून घेणाऱ्याकडे गेला. जातिव्यवस्थेने श्रमाची विभागणी केली त्याचबरोबर व्याधींचीही विभागणी केली, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

कानाच्या संरक्षणाचा प्रश्न हा केवळ तत्त्वाचा नाही, तो अगदी व्यवहाराचा आहे. म्हणून कार्यकर्त्यांना चार गोष्टी नेमक्या ठाऊक असाव्यात. कापसाचा बोळा हे संरक्षण नव्हे. त्याने आवाज थोडा मंदावल्यासारखा वाटतो, पण कानाचा आघात फारसा कमी होत नाही. उलट आपण सुरक्षित आहोत असा भ्रम मात्र होतो. आवाज खाऊन टाकणारे म्हणून जे विजेरी हेडफोन बाजारात मिळतात तेही या कामाचे नाहीत. विमानाच्या घरघरीसारखा संथ आवाज ते कमी करतात, ताशाचा अकस्मात तडाखा त्यांना अडवता येत नाही. कारखान्यात वापरतात ते कानावरचे झाकण, म्हणजे इअरमफ, चांगले असते. पण फेटा बांधलेल्या डोक्यावर ते नीट बसत नाही आणि चष्म्याच्या काडीनेही त्याची फट राहते. भाद्रपदातील उकाड्यात ते तासभरही कोणी ठेवणार नाही. न वापरले जाणारे उत्तम साधन हे वापरल्या जाणाऱ्या मध्यम साधनापेक्षा नेहमीच निकृष्ट ठरते.

राहता राहिले कानात घालण्याचे इअरप्लग. त्यांचे तीन प्रकार आहेत. पहिला फोमचा. हा सर्वांत स्वस्त, दहा-वीस रुपयांत जोडी मिळते. नीट बसला तर सर्वांत जास्त आवाज अडवतोही. पण नीट बसवणे ही एक कला आहे. स्वच्छ हातांनी तो बारीक वळावा, दुसरा हात डोक्यावरून आणून कान वर व मागे ओढावा, प्लग आत सारावा आणि तो फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवावा. कानाच्या बाहेर लोंबणारा फोम म्हणजे नुसता दागिना. वेष्टनावर ३० डेसिबल छापलेले असले तरी प्रत्यक्षात निम्म्याचाच हिशेब धरावा, असा तज्ज्ञांचा सावधगिरीचा संकेत आहे. मिरवणुकीत आणखी एक अडचण असते, ती गुलालाची. गुलालाने माखलेल्या बोटांनी वळलेला फोम कानात घालणे म्हणजे एका रोगातून सुटताना दुसऱ्याला आमंत्रण देणे.

दुसरा प्रकार सिलिकॉनच्या चकत्यांचा, मागे दांडी आणि दोरी असलेला. याला वळावे लागत नाही, दांडीला धरून घालता येतो, साबणाने धुता येतो, आणि दोरी असल्याने रस्त्यात हरवत नाही. किंमत फोमपेक्षा थोडी अधिक, पण तो महिनोन्‌महिने टिकतो. माझ्या मते सामान्य ताफ्यासाठी हाच व्यवहार्य आहे. कानाची नळी प्रत्येकाची सारखी नसते, म्हणून दोन-तीन मापांचे नग ठेवावेत. तरुण मुली आणि किशोरवयीन मुले यांना बहुधा लहान माप लागते.

तिसरा प्रकार खास संगीतकारांसाठी केलेला. साधा प्लग उच्च स्वर जास्त आणि खर्ज कमी अडवतो. त्यामुळे ढोल ऐकू येतो, ताशा मात्र गोणपाटाआडून वाजल्यासारखा वाटतो. "प्लग घातला की तालाचा मेळ बसत नाही" ही वादकांची तक्रार यातूनच येते आणि ती खोटी नाही. अमेरिकेत १९८८ साली ईआर-१५ या नावाने असा प्लग बाजारात आला, जो खर्ज आणि टीप दोन्ही सारख्याच प्रमाणात, पंधरा डेसिबलने, उतरवतो. आज याच तत्त्वावरचे ९, १५ व २५ डेसिबलचे पडदे मिळतात. कानाचा साचा घेऊन केलेल्या जोडीला कित्येक हजार रुपये पडतात, तयार मापाची जोडी त्याहून बरीच स्वस्त असते.

किती डेसिबलचा घ्यावा, याचे उत्तर वरच्या गणितात आहे. जेथे १०३ डेसिबल आवाज आहे तेथे प्रत्यक्षात पंधरा डेसिबल कमी झाले तर कानाशी ८८ उरतात, म्हणजे साडेसात मिनिटांचे चार तास होतात. जेथे १०९ आहे तेथे त्याच प्लगने ९४ उरतात आणि शिधा एका तासाचाच राहतो. तेव्हा ताशेवाल्याला व ताफ्याच्या मध्यभागी असणाऱ्याला अधिक क्षमतेचा प्लग हवा, कडेच्या झांजवाल्याला किंवा ध्वजवाल्याला कमी चालेल. गरजेपेक्षा जास्त अडवणाराही घेऊ नये. कारण मग वादक आपला आवाज ऐकू यावा म्हणून अधिक जोराने टिपरू मारतो, प्रमुखाची सूचना त्याला ऐकू येत नाही, आणि शेवटी तो प्लग काढूनच टाकतो.

हे काढून टाकणे किती महाग पडते ते पाहण्यासारखे आहे. तीस डेसिबल अडवणारा उत्तम प्लग चार तासांच्या मिरवणुकीत केवळ चोवीस मिनिटे काढला, तर सबंध चार तासांचे सरासरी संरक्षण तिसावरून दहा डेसिबलवर घसरते. निम्मा वेळ काढला तर ते तीन डेसिबलच उरते. सबब सरावाच्या पहिल्या दिवसापासून प्लग घालूनच वाजवावे, म्हणजे कान त्या आवाजाला सरावतो आणि मिरवणुकीत तो काढण्याचा मोह होत नाही. ज्याला बोलायचे असेल त्याने ताफ्याबाहेर जाऊन बोलावे.

येथवर वाचून एखादा म्हणेल, मग प्रश्न मिटला. दहा-वीस रुपयांची वस्तू आहे, ज्याला कान प्यारा असेल त्याने विकत घ्यावी. नेमके येथेच अर्थशास्त्राचे विद्यार्थी म्हणून आपण थांबले पाहिजे. ही वस्तू इतकी स्वस्त असूनही ती वादकाच्या कानात दिसत नाही, याचे कारण काय? अज्ञान हे एक कारण आहे, पण ते सर्वांत लहान. मुख्य कारण असे की, या व्यवहारात लाभ एकाच्या पदरी पडतो आणि खर्च दुसऱ्याच्या. सुपारी देणाऱ्याला मोठा आवाज हवा असतो, कारण आवाजावर मंडळाची प्रतिष्ठा मोजली जाते. त्या आवाजाची खरी किंमत वीस वर्षांनी एका झोपडीत, ओठांकडे पाहून बोलणे समजून घेणारा माणूस फेडत असतो. सुपारीच्या रकमेत ती कधीच धरलेली नसते. विल्यम काप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली आपल्या ग्रंथात खाजगी उद्योगाचा जो सामाजिक खर्च दाखवून दिला तो हाच. धूर सोडणारी गिरणी आणि ढोल वाजवून घेणारे मंडळ यांत या दृष्टीने तत्त्वतः अंतर नाही.

दुसरे असे की, एकट्या वादकाला निवड करण्याचे स्वातंत्र्य कागदावरच असते. त्याने कानात काही घातलेले दिसले तर "याला स्वतःचे वाजवणेच सोसत नाही" अशी थट्टा होते. त्याने विश्रांती मागितली तर पुढची सुपारी दुसऱ्या ताफ्याला जाते. बाजारात एकट्याने उभ्या असलेल्या श्रमिकाला सुरक्षिततेची निवड करता येत नाही, ती संघटित रीतीनेच करावी लागते. हे आपण गिरणीत शिकलो, बंदरात शिकलो, मग मिरवणुकीतच का विसरावे?

कायद्याचा विचार केला तर विसंगती अधिक स्पष्ट होते. आवाजामुळे येणारे बहिरेपण १९८७च्या दुरुस्तीने कारखाने कायद्याच्या सूचनीय रोगांच्या यादीत आले. कामगार भरपाईच्या १९२३च्या कायद्याच्या परिशिष्टातही त्याचा समावेश झाला. २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतील यादीतही ते आहे. आपल्याकडील कारखाना-नियमांनी आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही कमाल मर्यादा मानली. परंतु हे सर्व मालक कोण ते सांगता येते अशा ठिकाणी. ताशेवाल्याचा मालक कोण? सुपारी देणारे मंडळ, ताफ्याचा म्होरक्या, की लग्नघरचा यजमान? आज एक, उद्या दुसरा. मालक सापडत नाही म्हणून हक्कही सापडत नाही. अपंगत्वाच्या दाराने जावे तर २०१६च्या कायद्यानुसार दोन्ही कानांत, बोलण्याच्या पट्टीत, ६० डेसिबलची हानी झाल्याखेरीज तो माणूस अल्पश्रवण या व्याख्येत बसत नाही. ज्याची स-श-थ ही अक्षरे गेली, पण हाक अजून ऐकू येते, तो कायद्याच्या दृष्टीने धडधाकटच.

"संगीत ही कला आहे, तिला कारखान्याचे नियम कसे लावणार?" हा आक्षेप अपेक्षित आहे. त्याचे उत्तर इंग्लंडमध्ये मिळून गेले आहे. तेथील कामाच्या ठिकाणच्या आवाजाचे २००५चे नियम एप्रिल २००८पासून संगीत व करमणुकीच्या क्षेत्रालाही लागू झाले. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये २०१२ साली वाग्नरच्या संगीतनाट्याच्या तालमीत, ब्रास वाद्यांच्या ताफ्यापुढे बसवलेल्या एका व्हायोलावादकाच्या कानाला कायमची इजा झाली. त्याने दावा लावला. आमच्या कामात आवाज हेच उत्पादन आहे, असा संस्थेचा बचाव होता. २०१८ साली उच्च न्यायालयाने तो फेटाळला. कायदा कारखाना आणि ऑपेरागृह यांत भेद करीत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. २०१९च्या अपिलातही संस्थेची जबाबदारी मूलतः कायम राहिली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की त्या वादकाला इअरप्लग दिलेले होते. तरीही संस्था सुटली नाही, कारण प्लग देण्याआधी आवाजाचा आघातच कमी करणे हे तिचे कर्तव्य होते.

आपल्यातील काही मित्रांचा आक्षेप नेमका याच्या उलट बाजूने येईल. ते म्हणतील, प्लग वाटणे म्हणजे रोगाला हात न लावता कानात बोळे घालणे. त्याने आवाज वाढवण्याचा परवानाच मिळेल. या आक्षेपात तथ्य आहे. म्हणून क्रम स्पष्ट ठेवला पाहिजे. प्रथम आघात कमी करावा. ताफ्यांत अंतर ठेवावे, एका गटाने वाजवताना दुसऱ्याने दूर, शांत जागी विश्रांती घ्यावी, सलग वाजवण्याला वेळेची मर्यादा असावी, किशोरवयीन मुलांना ताफ्याच्या मध्यभागी उभे करू नये. प्लग हा शेवटचा उपाय आहे. पण शेवटचा उपाय म्हणजे पुढे ढकलण्याचा उपाय नव्हे. हमालांच्या पाठीवरचे शंभर किलोचे पोते पन्नास किलोवर आणण्यासाठी दीर्घ लढा द्यावा लागला, आणि तो चालू असताना कोणी हमालाला "तोवर पाठीखाली चुंबळही घेऊ नकोस" असे सांगितले नाही.

हमालांचा उल्लेख सहज केलेला नाही. त्यांचाही मालक रोज बदलत असे. बाबा आढावांसारख्यांनी हमाल पंचायतीच्या द्वारे त्यांना संघटित केले, आणि १९६९च्या माथाडी कायद्याने महाराष्ट्राने सबंध देशाला एक मार्ग दाखवला. मालक बदलता असला तरी मंडळात नोंदलेला कामगार कायम, आणि प्रत्येक मजुरीबरोबर ठराविक लेव्ही. वादकांसाठी असे मंडळ का नसावे? प्रत्येक सुपारीवर अल्प लेव्ही आकारावी. तीतून प्लगची घाऊक खरेदी, वर्षातून एकदा मोफत श्रवणचाचणी आणि ज्याचे कान गेले त्याला श्रवणयंत्र व निर्वाहवेतन द्यावे. महाराष्ट्र सरकारने २०२५ साली सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा जाहीर केला. उत्सव राज्याचा असेल तर त्यातील श्रमिकाचा कान ही राज्याचीच जबाबदारी ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली करमणुकीच्या ठिकाणांसाठी घालून दिलेल्या मानकात पंधरा मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबलची मर्यादा, आवाजाची सतत मोजणी, प्लगची उपलब्धता आणि शांत विश्रांतीची जागा यांचा समावेश आहे. श्रोत्यांसाठी जे योग्य मानले गेले ते वादकांना नाकारण्याचे कारण नाही. महापालिकेने मिरवणुकीला परवानगी देताना या अटी घालाव्यात, अशी मागणी आपल्या नगरसेवकांना पुढच्याच सभेत करता येईल.

परंतु सरकारकडे बोट दाखवण्यापूर्वी आपण आपल्या मोर्च्याकडे पाहू. हलगी आणि ढोलकीचे आपल्या चळवळीवर मोठे ऋण आहे. राष्ट्र सेवा दलाची कलापथके असोत की अण्णाभाऊ साठे, अमर शेख यांचे लाल बावटा कलापथक असो, श्रमिकांच्या वाद्यानेच आपला विचार वस्तीवस्तीत नेला. आजही आपल्या घोषणेला जोर येतो तो हलगीच्या कडकडाटाने. ती वाजवणाऱ्याला आपण सुपारी देतो, चहा देतो, आणि मोर्चा पांगला की विसरून जातो. त्या घटकेपुरते आपणच त्याचे मालक असतो, हे कटू असले तरी सत्य आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक जिल्हा शाखेने धुता येतील अशा दोरीच्या प्लगच्या पंचवीस-तीस जोड्या, दोन-तीन मापांच्या, आजच आणून ठेवाव्यात. मोर्च्यापूर्वी एका कार्यकर्त्याने त्या वादकांना द्याव्यात, कशा घालायच्या ते स्वतःच्या कानात घालून दाखवावे, आणि त्या त्यांच्याकडेच राहू द्याव्यात. दर अर्ध्या तासाने वादकांना विसावा द्यावा. तेवढा वेळ घोषणा आपल्या गळ्याने द्याव्यात. हा खर्च मोर्च्याच्या जमाखर्चात, झेंड्याच्या कापडाइतक्याच हक्काने लिहावा. पारावरच्या त्या मुलाच्या हाती आता वडिलांचा ताशा आला आहे. त्याचे कान अजून शाबूत आहेत. त्याच्या मुलाला कोणा वाटसरूला "समोर येऊन बोला" असे सांगावे लागू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.